चढता भाव हीच धोक्याची खूण

ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस ‘स्क्विड’ नावाचे एक क्रिप्टो टोकन आले. नेटफ्लिक्सवर तेव्हा गाजत असलेल्या ‘स्क्विड गेम’ या कोरियन मालिकेचे नाव त्याने उचलले होते. मालिकेशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. सुरुवातीला सेंटभर असलेला भाव १ नोव्हेंबरला २,८६१ डॉलरपर्यंत चढला आणि काही मिनिटांतच जवळजवळ शून्यावर आला. टोकन काढणारे ३३ लाखांहून अधिक डॉलर घेऊन पसार झाले. चर्चा झाली ती या कोसळण्याची. मला त्याआधीची चढण जास्त बोलकी वाटते. त्या दिवसांत टोकन घेता येत होते, पण बहुतेकांना ते विकता येत नव्हते. विकणाराच नसेल तर भाव खाली येणार कसा? लोक ज्याला नफा समजत होते, तीच फसवणुकीची खूण होती.

हे कसे घडते? अशी टोकने बहुधा पॅनकेकस्वॅपसारख्या विकेंद्रित एक्स्चेंजवर येतात. तिथे नोंदणीला कुणाची परवानगी लागत नाही. भाव ठरतो तो ‘लिक्विडिटी पूल’ या सामायिक साठ्यावरून. समजा, पूलमध्ये १ लाख टोकने आणि १ लाख रुपयांचे चलन आहे. म्हणजे भाव १ रुपया. दोन्ही बाजूंचा गुणाकार कायम राहिला पाहिजे, हा पूलचा नेहमीचा नियम. कुणी आणखी १ लाख रुपये ओतले की आत उरतात ५० हजार टोकने आणि २ लाख रुपये. भाव झाला ४ रुपये! टोकनांची एकूण संख्या १०० कोटी असेल, तर बाजारमूल्य दिसते ४०० कोटी. सगळ्यांनी मिळून विकायचे म्हटले तरी हाती येतील असे पैसे मात्र जेमतेम २ लाख, आणि तेही पूल उभारणाऱ्याने उचलून नेले नाहीत तर. या उचलून नेण्यालाच ‘रग पुल’ म्हणतात.

म्हणून भावाचा आलेख बाजूला ठेवा आणि ब्लॉकचेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या ‘ब्लॉक एक्सप्लोरर’ संकेतस्थळावर टोकनचा पत्ता टाका. वेगवेगळ्या वॉलेटनी खरोखर विक्री केली आहे का? मोठा साठा मोजक्या हातांत आहे का? नवी टोकने पाडण्याचा किंवा विक्री रोखण्याचा अधिकार मालकाकडे उरला आहे का? यावर सांगितले जाते की हल्ली पूल लॉक केलेला असतो, म्हणजे निर्मात्याला तो उचलता येत नाही; ऑडिटही झालेले असते. असतेही. पण लॉकला मुदत असते आणि ऑडिट फक्त कोड तपासते, माणसाची नियत नाही. पूल लॉक असला तरी निर्मात्याने स्वतःकडची टोकने एकदम विकली की तो रिकामा होतोच. थोडे विकून पाहणे चांगले. मात्र नियम बदलायची किल्ली दुसऱ्याकडे असेल, तर आजची विक्री उद्याची हमी देत नाही.

बिटकॉइनही एके काळी कवडीमोल होते, हा युक्तिवाद नेहमीचा. पण लोकांची विक्री बंद करण्याची कळ बिटकॉइनच्या निर्मात्याच्या हाती नव्हती. फरक तिथेच आहे. दुसरे म्हणणे असे, की दहांतले एक टोकन लागले तरी बाकीच्यांचा तोटा भरून निघतो. भारतात राहणाऱ्याने हे गणित कागदावर मांडून पाहावे. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका टोकनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. नऊ बुडाली तरी दहाव्याच्या नफ्यावर पूर्ण कर भरावाच लागतो.

ब्लॉकचेनवर पूर्ण झालेला व्यवहार बँक उलटवू शकत नाही. तरीही फसलाच असाल तर लाजेपोटी गप्प बसू नका. व्यवहाराचा हॅश (त्याची ओळखखूण) आणि समोरच्या वॉलेटचा पत्ता जपून ठेवा आणि लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.