विलायतेची ‘ब्लायटी’ कशी झाली?

उन्हाळ्याच्या तोंडावर शाळेच्या फाटकाशी टोपलीवाली बसते. टोपलीत गुलाबी-हिरव्या, वेटोळ्या शेंगा. मराठीत त्यांना म्हणायचे विलायती चिंच, कन्नडात सीमे हुणसे. आपल्या दुभाषी घरांत आईकडचे नाव एक आणि आजीकडचे दुसरे, पण चव तीच. यातला ‘विलायती’ हा शब्द गोऱ्या सोल्जरांबरोबर बोटीने इंग्लंडला गेला आणि तिथे चक्क ‘घर’ या अर्थाने नांदला, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. इंग्रजीतला तो बोलीशब्द म्हणजे ‘ब्लायटी’.

मुळात ‘विलायत’ अरबी. अर्थ अगदी साधा : राज्य, प्रांत, अधिकाराखालचा मुलूख. तुर्की साम्राज्यात प्रांताला ‘विलायेत’च म्हणत आणि तिथल्या सुभेदाराला ‘वाली’. ‘त्या पोराला कोणी वाली नाही हो’ असे आपण हळहळून म्हणतो, तो वालीही याच घराण्यातला. फारसीमार्गे हा शब्द हिंदुस्थानात आला. इथे परमुलूख या अर्थाने तो रुळला आणि इंग्रजांचे राज्य आल्यावर विलायत म्हणजे इंग्लंड असेच समीकरण झाले. मग तिकडून आलेली वा नवखी वाटणारी प्रत्येक वस्तू विलायती ठरली. हिंदुस्थानीत टोमॅटोला ‘बिलायती बैंगन’ आणि सोडावॉटरला ‘बिलायती पानी’ म्हणत. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशात याची नोंद आहे.

उत्तरेकडच्या बोलीत ‘व’चा ‘ब’ सहज होतो. विलायतीचे झाले बिलायती, बोलताना बिलैती. छावणीतल्या गोऱ्या शिपायाने नोकरचाकरांच्या तोंडून तेच ऐकले आणि आपल्या जिभेला वळेल तसे उचलले : ब्लायटी. गंमत पाहा, जो शब्द आपण ‘परका’ या अर्थाने वापरत होतो, तो त्याने ‘माझा मुलूख, माझे घर’ म्हणून वापरला.

पहिल्या महायुद्धात (१९१४ ते १९१८) हा छावणीतला शब्द इंग्लंडच्या घराघरांत पोहोचला. फ्रान्स आणि बेल्जियमच्या चिखलाने भरलेल्या खंदकांत बसलेला सैनिक एकाच गोष्टीची आस धरून असे, ती म्हणजे ब्लायटी. १९१६ साली या शब्दावरचे एक गाणे इंग्लंडच्या रंगमंचांवर गाजले. पण त्याच खंदकांत शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला, आणि तो ऐकून काळजात चर्र होते. जीव जाणार नाही, पण लढण्यालायकही उरणार नाही, इतपत लागलेल्या गोळीला ‘ब्लायटी’ म्हणू लागले. अशी जखम झाली की घरी पाठवत. धट्टाकट्टा तरुण अंगावर जखम मागतो, ज्याला ती मिळाली त्याला इतर जण नशीबवान म्हणतात, यावरून त्या युद्धाचे रूप समजावे. कित्येकांनी स्वतःच्या हातापायावर गोळी झाडून घेतली. पकडले गेल्यावर त्यांना लष्करी कोर्टापुढे उभे राहावे लागले.

त्याच खंदकांत आपले हिंदी जवानही होते. त्यांच्यातल्या जखमींना उपचारांसाठी इंग्लंडला नेत. ब्रायटनचा राजवाडा १९१४ च्या अखेरीस त्यांच्यासाठी इस्पितळ झाला. म्हणजे ब्लायटी त्यांनाही मिळाली, पण ती खरीखुरी विलायत होती, घर नव्हे. बरे झालेल्यांपैकी अनेकांना पुन्हा आघाडीवर धाडले जाई आणि त्याबद्दलची नाराजी त्यांच्या पत्रांतून दिसते. मराठा पलटणी तर तिकडे मेसोपोटेमियात लढत होत्या. कुतच्या वेढ्यात सापडून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण जावे लागलेल्या फौजेत त्यांचेही जवान होते. ज्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आज आपल्या बेळगावात आहे, तिचे हे पूर्वज. त्यांना ओढ होती ती आपल्या गावाची. तिला मात्र इंग्रजी कोशात शब्द मिळाला नाही.

आज इंग्लंडात ब्लायटी हा शब्द थोडा थट्टेने, थोडा मायेने वापरतात. २००९ ते २०१३ या काळात तिथे या नावाची एक दूरचित्रवाणी वाहिनीही होती.

आता पुन्हा टोपलीकडे वळू. कन्नडातला ‘सीमे’ हा शब्दही विलायतीचा जुळा भाऊच म्हणायचा. संस्कृत सीमेवरून आलेला, अर्थ हद्द आणि प्रदेश. पण परदेशी मालाला तो उपसर्गासारखा लागतो. खडू म्हणजे सीमेसुण्णा, रॉकेल म्हणजे सीमेएण्णे. (आपल्याकडे चिमणी एण्णी म्हणतात, तो भाग वेगळा.) दोन वेगळ्या भाषांतले दोन शब्द, दोघांचाही मूळ अर्थ ‘मुलूख’ आणि दोघांचाही प्रवास ‘परमुलखातले’ या अर्थापर्यंत!

सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटू नये. अलीकडचे कोणते आणि पलीकडचे कोणते, हे आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरते. एकाची विलायत ती दुसऱ्याची ब्लायटी. नातवंडांनी विचारले, ‘आजी, हिला विलायती का म्हणायचे?’ तर चिंच सोलता सोलता ही गोष्ट त्यांना जरूर सांगा. मराठीत सांगा, नाहीतर कन्नडात.