मातीची पाने आणि प्लास्टिक

वसई स्टेशनच्या पूर्वेला वालीव-सातिवलीच्या गाळ्यांतून प्लास्टिकच्या वस्तू बनवणारी पुष्कळ यंत्रे चालतात. यंत्रात दाणा पडतो, वितळतो आणि साच्यात शिरून बादली होऊन बाहेर येतो. दाण्यात कित्येकदा खडूसारखी भुकटीही मिसळतात. तिला फिलर म्हणतात. फिलरने माल स्वस्त होतो, ताठही होतो. पण तो अति झाला, की ओट्यावरून पडताच बादली तडकते.

मग ‘मातीने प्लास्टिक बळकट होते’ असे कोणी म्हटले तर आपण हसाल. पण तसे घडले आहे खरे. जपानात टोयोटाच्या संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात नायलॉनमध्ये शेकडा ५ हूनही कमी माती मिसळली. नायलॉनची ताण सोसण्याची शक्ती सुमारे दीडपट झाली. भाराखाली ते ६५ अंश सेल्सिअसला वाकत असे, ते सुमारे १४५ अंशांपर्यंत टिकू लागले.

ही माती कोणती? तिचे नाव मॉन्टमोरिलोनाइट. नाव परके, पण ओळख जुनी. देशावरची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, ती मुख्यतः या जातीच्या मातीमुळे. तिचा कण पोथीसारखा असतो. पानावर पान, आणि प्रत्येक पान एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग एवढे जाड. फटींत पाणी शिरते, म्हणून ती फुगते.

अडचण इथेच आहे. ही पाने पाण्याशी सलगी करणारी. पुष्कळशी प्लास्टिके तेलाच्या कुळातली. दोघांना नांदवायला मध्यस्थ हवा. तेलकट हात धुताना साबण हेच काम करतो. फटींतल्या सोडियमच्या जागी लांब शेपटीचे अमोनियम जातीचे क्षार बसवतात. त्यांचे डोके मातीला धरते, शेपूट प्लास्टिकशी जुळते. फट रुंदावते, प्लास्टिकच्या साखळ्या आत शिरतात आणि पोथीचे पान न् पान सुटते.

पूर्ण सुटलेल्या एका ग्रॅम मातीचा पृष्ठभाग सुमारे ७०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ७ गुंठे भरतो! एवढ्या अंगाने ती प्लास्टिकला धरते, म्हणून थोडकी पुरते. शिवाय हवेला सरळ वाट उरत नाही. खाचरांतून बांधाबांधाने वळसे घेत जावे, तशी ती रेंगाळते. खाद्यपदार्थांच्या वेष्टनाला हा गुण उपयोगी पडतो.

मात्र पाने सुटली नाहीत, तर मातीचे गठ्ठे राहतात आणि तडा तिथूनच जातो. म्हणजे माती किती घातली, यापेक्षा ती किती उघडली हे पाहायचे. आणखी एक सांगतो. माती मिसळली म्हणून असले नायलॉन मातीत कुजत नाही. ते शेतात टाकून चालणार नाही.

शिक्षकबंधूंनो, वर्गात दोन वह्यांची पाने एकाआड एक गुंफा आणि दोन मुलांना त्या ओढायला सांगा. दोन पाने सहज सुटतात, पण गुंफलेल्या वह्या सुटता सुटत नाहीत. पृष्ठभाग वाढला की पकड का वाढते, ते मुलांना हातानेच कळेल.