आधी डोळ्यांची रेघ

नाशिकच्या गोदाघाटावर चित्र काढायला बसलेल्या नवशिक्याला पहिल्यांदा अडवतात त्या पायऱ्या. कागदावर त्या भिंतीला टेकवलेल्या शिडीसारख्या उभ्या राहतात. हात चांगला असला तरी असे होते. आपण कुठे बसलो आहोत आणि आपले डोळे किती उंचीवर आहेत, हे ठरवण्याआधीच पहिली रेघ मारलेली असते.

यथादर्शनाचा, म्हणजे चित्रकार ज्याला परस्पेक्टिव्ह म्हणतात त्याचा, सगळा हिशेब एका आडव्या रेषेपासून सुरू होतो. ही नेत्रपातळी. मान सरळ ठेवून पेन्सिल डोळ्यांसमोर आडवी धरा. तिच्यामागे जे जे झाकले जाईल ते तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे. ती रेषा कागदावर फिकट मारून ठेवा. उघड्या माळावर क्षितिज तिथेच दिसते. शहरात ते घरांमागे लपते, पण रेषा जागची हलत नाही.

आता पाण्याजवळच्या पायरीवर, नदीकडे पाठ करून बसा. डोळ्यांच्या खाली असलेल्या पायऱ्यांचा पाय ठेवायचा सपाट भाग दिसतो. पायरी डोळ्यांच्या उंचीकडे चढत जाते तसा हा पट्टा बारीक होतो, आणि पातळीच्या वर गेल्यावर सपाट भाग पूर्ण नाहीसा होऊन नुसते उभे दगड उरतात. वर जाऊन खाली पाहिले तर उभे दगड लपतात आणि सपाट पट्टेच दिसतात. घाट तोच असतो, बदलते ती आपली जागा. एवढे नीट पाहिले की निम्मे काम झाले.

एकबिंदू यथादर्शनासाठी पांडवलेण्यांतले अठरा क्रमांकाचे चैत्यगृह गाठावे. याहून चांगली जागा मला नाशकात माहीत नाही. दारात मधोमध उभे राहा. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, टोकाला स्तूप. खांबांच्या पायथ्यांना जोडणारी रेषा आत जाताना वर चढते, माथ्यांना जोडणारी खाली उतरते, आणि या सगळ्या रेषा पुढे वाढवल्या तर समोर, तुमच्या डोळ्यांच्याच उंचीवर, एका बिंदूत मिळतात. हा लोपबिंदू. खाली बसलात की तोही तुमच्याबरोबर खाली येतो. फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीने हे पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला करून दाखवले आणि आल्बर्टीने १४३५ मध्ये त्याचे नियम लिहून काढले.

नारोशंकराच्या देवळाचा तट कोपऱ्यावरून काढायचा तर दोन लोपबिंदू लागतात, दोन्ही नेत्रपातळीवरच. एका भिंतीच्या रेषा डावीकडे धावतात, दुसरीच्या उजवीकडे. कोपऱ्याची उभी कड मात्र उभीच राहते. नवशिके दोन्ही बिंदू कागदाच्या आत बसवतात आणि कोपरा चाकूच्या पात्यासारखा पुढे येतो. निदान एक बिंदू कागदाबाहेर दूर जाऊ द्या. त्यासाठी बोर्डाखाली वर्तमानपत्र पसरून रेषा त्यावर वाढवता येते.

काळाराम मंदिराच्या आवारातल्या ओवऱ्यांच्या कमानी काढताना वेगळा प्रश्न येतो. एकसारख्या अंतरावरचे खांब दूर जाताना नेमके किती जवळ आणायचे? इथे अंदाजावर विसंबू नये. जवळचे दोन खांब नजरेने मापून काढा. खांबांच्या माथ्याची, पायथ्याची आणि मधल्या उंचीची अशा तीन रेषा लोपबिंदूकडे न्या. पहिल्या खांबाच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या मध्यातून तिरकी रेघ ओढा. ती पायथ्याच्या रेषेला जिथे लागेल तिथे तिसरा खांब. मग दुसऱ्यावरून चौथा. अंतरे आपोआप आवळत जातात.

चित्रकलेच्या इंटरमीजिएट ग्रेड परीक्षेला बसलेल्यांनी घनभूमिती केलेली असते, म्हणून त्यांना हे लवकर कळते. पण माझ्या मते पट्टी नंतर हातात घ्यावी. आधी हात ताठ करून, एक डोळा मिटून, छपराची तिरकी कड आडव्या पेन्सिलीशी ताडून पाहावी. भांडी बाजारातला पितळी तांब्या समोर ठेवूनही हाच अभ्यास होतो. डोळ्यांच्या पातळीजवळ असलेली काठाची लंबवर्तुळे चपटी दिसतात, खालची अधिक फुगीर.

सराव झाला की बुधवारी घाटावरच्या बाजारात जावे. सपाट जागी उभे राहिलात तर तुमच्याच उंचीच्या माणसांची डोकी, ती जवळ असोत की लांब, नेत्रपातळीवरच येतात. फरक पडतो तो पावलांत. लांबच्याची पावले त्या रेषेच्या जवळ सरकतात. भाजीवाल्या मावशींशेजारी खाली बसलात तर त्यांची डोकी रेषेवर येतात आणि उभी गिऱ्हाइके कमरेपासून वर रेषेबाहेर निघतात. गर्दी काढताना आधी ही डोकी टिपून घ्यावीत, पिशव्या आणि पाट्या नंतर.