आगोटीचा हिशेब

मे महिन्याच्या उत्तरार्धात पेण आणि रोह्याच्या बाजारात पाय ठेवायला जागा मिळत नाही. लग्नसराई हे एक कारण. पण खरी गर्दी असते आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवायच्या बेगमीच्या खरेदीची. सुके बोंबील, जवळा, सोडे, वाल, मिरच्या, पांढऱ्या कांद्याच्या माळा, चिंच, आमसुले, खडे मीठ आणि घरावर टाकायचे प्लास्टिक. पावसाळाभर चुलीवर काय शिजणार, ते याच दिवसांत ठरते.

१ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते. ताजी मासळी महागते, भाजीही हाताला लागत नाही. भातलावणीचे दिवस सोडले तर मजुरी मिळेलच असे नाही. म्हणजे कमाई आटते त्याच महिन्यांत भाव चढतात. आगोट ही त्यावरची जुनी तोड आहे.

तिच्यात सगळ्यात मोलाची ती सुकी मासळी. मूठभर जवळ्यात दोन कांदे, एक बटाटा आणि आमसूल टाकले की पाच माणसांचे जेवण निघते. सोडे महाग, त्यामुळे ते पाहुण्यांसाठी आणि वांग्यात चवीपुरते. मासळी घेताना वास आणि ओल दोन्ही तपासावी. घरी आणली की दोन-तीन कडक उन्हे द्यायची, पूर्ण थंड होऊ द्यायची आणि मगच घट्ट झाकणाच्या डब्यात भरायची. हा आळस केला तर जुलैत बुरशी येते आणि स्वस्ताई तिथेच संपते.

दुसरा आधार कडव्या वालांचा. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. त्याला वेगळे पाणी द्यावे लागत नाही. शेंगा भरल्या की थंडीत त्या मडक्यात भाजून पोपटी लागते आणि उरलेले दाणे वाळून आगोटीत जातात. वालाला भुंगा फार लवकर लागतो, म्हणून राख चोळून ठेवायची रीत. भिजवा, मोड आणा, एकेक दाणा सोला, तेव्हा कुठे बिरडे होते. हे काम बाईच्या वेळावर चालते आणि काटकसरीच्या हिशेबात तो वेळ कोणीच धरत नाही, हेही सांगून टाकतो.

बाकीची तयारी बाजाराच्या खरेदीआधीच सुरू झालेली असते. चिंच फोडून, मीठ लावून तिचे गोळे करायचे, कैरीची आंबोशी वाळवायची, फणसाच्या आठळ्या राखून ठेवायच्या, वर्षाचा मसाला डंकावर कुटून आणायचा. पेणच्या अनेक बायका याच उन्हात पोह्याचे पापड, मिरगुंडे, फेण्या करून विकतात. पाऊस लागला की शेवळं, टाकळा, कुर्डू, कंटोली या रानभाज्या घेऊन कातकरी आणि ठाकर बायका बाजारात बसतात. शेवळांना खाज असते, त्यासाठी काकडं ही फळं त्यांच्यासोबतच घ्यावीत.

तांदळाचा भार आता रेशनने बराच हलका केला आहे. अन्न सुरक्षा कायद्याखाली अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. तांदळाचे वाचलेले पैसे तेल, डाळ आणि मासळीकडे वळवावेत. जुन्या सवयीने पुन्हा तांदळाचीच गोणी घेण्यात शहाणपण नाही.

पण आगोटीची खरी अडचण वेगळीच आहे. ती भरायला मे महिन्यात एकरकमी पैसे लागतात. ज्याच्याकडे ते नाहीत तो तोच जवळा, तीच डाळ जुलैत पावशेर-पावशेर घेतो, तीही उधारीवर, आणि अर्थात जास्त भावाने. वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांची उचल, म्हणजे मजुरीवर घेतलेली आगाऊ रक्कम, आधीच खर्च झालेली असते. हंगाम संपवून घरी परतताना हिशेब फिटला तरी नशीब. गरिबाला काटकसर शिकवणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे: घाऊक घेतले की स्वस्त पडते हे त्यालाही कळते, त्याच्या हातात घाऊक पैसा नसतो.

मग पैसा साठवायचा कुठे? रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे घराणे रोह्याचे, आणि त्याच रिझर्व्ह बँकेला २०१० मध्ये शेजारच्या पेण अर्बन बँकेवर निर्बंध घालावे लागले. हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. बँकेतल्या ठेवीवरचा विमा तेव्हा १ लाखाचा होता, फेब्रुवारी २०२० पासून तो ५ लाखांचा झाला. थोडक्या बचतीला एवढे संरक्षण पुरते. भिशीला मात्र असा कोणताच विमा नाही.

म्हणून महिलांच्या बचत गटांना एक विनंती. दिवाळीपासून दर महिन्याला आगोटीची वेगळी वर्गणी काढा, ती गटाच्या बँक खात्यात ठेवा आणि एप्रिलअखेर वाटून टाका. ज्या घराची वर्गणी कमी पडेल त्याला गटाचे कर्ज तेव्हाच द्या, ऑगस्टमध्ये नको. शक्य असेल तर वाल आणि सुकी मासळी सगळ्यांसाठी एकत्रच घ्या. सुरुवात या दिवाळीला केली तर मेपर्यंत सहा-सात हप्ते जमतात.