धूर जाळणारी जाळी

अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ १९३४ साली वर्ध्यात स्थापन झाला. त्याच्या मगनवाडीत तयार झालेल्या 'मगन चुली'ने धुराड्यावाटे धूर घराबाहेर काढला. पण धूर म्हणजे न जळलेले सरपणच! तो जळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. प्लॅटिनम किंवा पॅलेडियमचा थर दिलेल्या जाळीतून नेला, तर सुमारे ३०० अंशांनाच जळतो. धातू मात्र खर्च होत नाही, तो उत्प्रेरक.

मग ही जाळी जुन्या चुलीच्या धुराड्यात बसवावी काय? नाही. भांडी तापवून धूर तिथे थंडच पोहोचतो. जाळी काजळीने बुजेल आणि धूर घरात उलटेल. तिची जागा जाळाजवळच हवी, धुराड्याला ओढही चांगली हवी. सरपण मात्र आजच वाळवा. ओल्या लाकडाची बरीचशी उष्णता पाणी उडवण्यातच जाते!