पोटरीतला गोळा आणि पक्षाघात

थोडं चाललं की पोटरीत गोळा येतो, जरा थांबलं की जातो. हे दुखणं वयावर ढकलणं सोपं. पण पायाच्या धमन्या आतून अरुंद झाल्याची ती खूण असू शकते, आणि हा रोग सहसा पायापुरता राहत नाही. चरबीचे तेच थर मानेतल्या आणि हृदयाच्या धमन्यांतही साचतात. त्यामुळे अशा रुग्णाला पाय गमावण्यापेक्षा हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा धोका जास्त. तपासणी अगदी साधी आहे: रुग्णाला आडवं करून घोट्यावर रक्तदाबाचा पट्टा बांधायचा, डॉप्लरवर नाडीचा आवाज ऐकत वरचा दाब मोजायचा आणि त्याला दंडावरच्या दाबाने भागायचं. उत्तर ०.९० किंवा कमी आलं, तर धमनीत अडथळा आहे असं धरतात.

धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब ठाऊक असताना हा आकडा नवं काय सांगतो? शंका रास्त आहे. पण २००८ साली १६ अभ्यासांतल्या ४८,२९४ लोकांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा नेहमीच्या घटकांवरून पाडलेल्या जोखमीच्या प्रत्येक गटात कमी आकडेवाल्यांचा मृत्युदर साधारण दुप्पट निघाला. म्हणून सरसकट सगळ्यांचे घोटे मोजावेत, असं मात्र नाही. लक्षणं नसलेल्यांना त्याचा फायदा होतोच, याचा पुरावा अपुरा आहे. शिवाय मधुमेह्यांच्या धमन्या कडक झाल्या की आकडा फसवा, कधी १.४० च्याही वर येतो. तेव्हा पायाच्या अंगठ्यातला दाब मोजतात.