ओझर: पाट्या उतरल्या, भांडी उरली

ओझर म्हटलं की निम्म्या महाराष्ट्राला जुन्नर तालुक्यातला विघ्नहर आठवतो. हा लेख दुसऱ्या ओझरचा आहे. निफाड तालुक्यातलं, बाणगंगेच्या काठचं, नाशिकपासून वीसेक किलोमीटरवर मुंबई-आग्रा रस्त्याला लागून असलेलं हे गाव. चंपाषष्ठीला खंडेराव महाराजांच्या यात्रेत इथे बारागाड्या ओढतात आणि पंचक्रोशी लोटते. जुन्या कागदांत या गावाची ओळख ‘ओझर तांबट’ अशी आहे. विमानाचा कारखाना आला आणि पत्त्यावर ‘ओझर मिग’ लिहिलं जाऊ लागलं. पहिल्या ओळखीची दुकानं कशी गेली आणि त्यांच्याबरोबर काय काय गेलं, याचा हा आढावा.

तांबटाचं दुकान म्हणजे पुढे विक्री आणि मागे कारखाना. तांब्याचा पत्रा कातरीने गोल कापायचा, भट्टीत लालबुंद तापवायचा, म्हणजे तो मऊ पडतो. मग ऐरणीवर ठोकत त्याला खोली आणि पोट द्यायचं. ठोकता ठोकता धातू पुन्हा ताठरतो, की परत भट्टीत. हंडा एका तुकड्यातून क्वचितच होई. बूड वेगळं, पोट वेगळं, गळा वेगळा. पत्र्याच्या कडांना दात पाडून ते एकमेकांत बसवायचे आणि सांधा झाळायचा. शेवटी मठारणं. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने ओळीने ठोके देत गेलं की भांड्यावर चकाकत्या टिकल्यांची नक्षी उमटते. पाहणाऱ्याला ती शोभा वाटते, पण तिचं खरं काम वेगळं. मठारल्याने पत्रा कडक होतो आणि विहिरीच्या काठावर आपटला तरी हंडा सहज चेपत नाही. हंडा, कळशी, घागर, तपेलं, परात, घंगाळ, बंब: घरातलं पाणी भरणं, तापवणं, साठवणं सगळं या दुकानांवर चालायचं.

या दुकानाचा व्यवहार आजच्या दुकानासारखा नव्हता, आणि मला वाटतं, त्याच्या आठवणीतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. भांडं वजनावर विकलं जाई. धातूचा भाव आणि वर घडणावळ. जुनं, फुटकं भांडं नेलं की मोडीच्या भावाने त्याची किंमत वजा होई. म्हणजे बाईच्या माहेराहून आलेला हंडा तीस वर्षं वापरून झाल्यावरही त्यातलं तांबं पैसाच असे. नडीच्या दिवसांत, दुष्काळात, मुलाच्या आजारपणात भांडी गहाण पडत आणि सुगी झाली की सुटत. ज्या घरात सोनं नव्हतं त्या घराची ठेव उतरंडीशेजारी मांडलेली असे. स्टीलचं भांडं स्वस्त, हलकं, न डागाळणारं. पण मोडीत त्याला तांब्या-पितळेचा भाव नाही. तांबटाचं दुकान बंद झालं तेव्हा गरिबाच्या हातातलं हे साधन गेलं, आणि त्याची दखल कुणी घेतली नाही.

या दुकानाच्या आधाराने आणखी माणसं जगत. कल्हईवाला झाडाखाली खड्डा करून भाता लावी, कोळसे फुलवी, तापल्या भांड्यात नवसागर टाकून कथलाचा कण फिरवी आणि कापसाच्या बोळ्याने आतून चांदीसारखा पदर चढवी. पांढऱ्या धुराचा तो उग्र वास ज्यांनी घेतला त्यांना आजही नेमका आठवतो. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवलं की कळकायचं, म्हणून त्याची फेरी चुकवून चालत नसे. लग्नसराईत भांड्यांवर नावं घालणारा बसे. बारीक छिन्नीच्या टोकाने ठिपक्याठिपक्यांनी तो अक्षरं उमटवी. या नावांकडे मी पुढे परत येणार आहे.

हे सगळं एका दिवसात गेलं नाही. आधी ॲल्युमिनियम आलं, मग स्टील. नळ घरात आला तसा डोक्यावरचा हंडा उतरला. गॅस आणि गिझर आल्यावर बंब अंगणातून माळ्यावर गेला. कुकरने तपेल्याची जागा घेतली. यातला एकही बदल वाईट नव्हता. दोन हंडे डोक्यावर घेऊन नदीवरून येणाऱ्या बाईला नळाचं मोल कुणी सांगायला नको. पण बदलाची किंमत एकाच गल्लीने, एकाच हातोडीने मोजली.

ओझरला त्यात आणखी एक मोठी गोष्ट घडली. १९६२ च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने मिग विमानं देशात बांधायचं ठरलं तेव्हा कामाची वाटणी झाली: इंजिनं ओडिशात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा व जोडणी ओझरला. १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा हा कारखाना उभा राहिला. धावपट्टी, वसाहत, शाळा, दवाखाना, बाजार असं दुसरंच गाव जुन्या गावाशेजारी वसलं. देशभरातून माणसं आली. महिन्याच्या महिन्याला पगार आणि घर: ज्या मुलाला हे दिसत होतं त्याने भट्टीपुढे का बसावं? पत्रा कापायचा, वाकवायचा, जोडायचा, हे काम गावात राहिलंच. फक्त तांब्याच्या जागी विमानाचा मिश्रधातू आला आणि झाळण्याच्या जागी रिव्हेट.

मिग-२१ चे एकामागून एक प्रकार इथे तयार झाले, मग मिग-२७, मग सुखोई-३०. आता मिगचीही आठवण होऊ लागली आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ला हवाई दलाने निरोप दिला. ज्या विमानाने गावाला पत्ता दिला ते आकाशातून गेलं. त्याच्यावर हात फिरवलेले निवृत्त कामगार ओझर-नाशिक परिसरात आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या आठवणी म्हणजे तांबटांच्या आठवणींचाच पुढचा अध्याय, आणि तोही अजून लिहिलेला नाही.

तिसरा बदल रस्त्याचा. ओझरजवळच्या एका ठिकाणाला लोक अजून ‘दहावा मैल’ म्हणतात. मैल मोजणं देशाने सोडूनही अर्धशतक उलटलं, पण रिक्षावाला, भाजीवाला, विमानतळाकडे जाणारा प्रवासी, सगळे तेच नाव घेतात. रस्ता दुपदरी होता तेव्हा त्याच्या कडेची दुकानं गाडीतून हात लांबवला तर लागतील इतकी जवळ असत. महामार्ग रुंदावला की पहिली जाते ती ही ओळ: चहाची हॉटेलं, पंक्चरवाले, सायकल भाड्याने देणारे, ट्रकवाल्यांसाठी रात्रभर उघडी राहणारी टपरी. त्यांच्या जागेचा मोबदला कागदावर निघतो. तिथे थांबणारी एसटी, तिची वाट पाहणारी माणसं, त्यांच्यात भरणारा बातम्यांच्या देवघेवीचा बाजार, हे कुठल्या पंचनाम्यात येत नाही.

नाशिक शहराची गोष्ट ओझरहून वेगळी, कारण तिथे इतिहास दारात येऊन गेला. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या, म्हणून विजयानंद पुस्तकात आहे. फाळक्यांची चित्रपट कंपनी नाशिकला होती, म्हणून तिच्या जागेचा शोध अभ्यासक घेतात. १८८९ मध्ये सुरू झालेली, नाशिकरोड स्टेशन आणि शहर जोडणारी ट्राम केव्हाच बंद झाली, पण तिच्यावर लेख निघतात. मुंबईत २०१६ मध्ये ऱ्हिदम हाऊस हे संगीताचं दुकान आणि २०१८ मध्ये स्ट्रँड बुक स्टॉल बंद झालं तेव्हा वर्तमानपत्रांनी रकाने भरले. ते योग्यच होतं. पण त्या दुकानांची गिऱ्हाइकं लिहिणारी होती. तांबटाच्या दुकानातल्या गिऱ्हाईक बाईने नवी कळशी डोक्यावर घेतली आणि ती घरी गेली. आठवण जपली जाते ती दुकान थोर होतं म्हणून नव्हे, त्याच्या गिऱ्हाइकाच्या हातात लेखणी होती म्हणून. असंख्य निमशहरी गावांच्या बाजारपेठा या एका कारणाने निःशब्द गेल्या.

आणि तरीही उलट करता येतं. पंजाबात अमृतसरजवळच्या जंडियाला गुरू गावच्या ठठेऱ्यांची, म्हणजे तिथल्या तांबट-कासारांची, भांडी घडवण्याची कला २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. पुण्याच्या तांबट आळीत अजून ठोके ऐकू येतात. ओझरला तर संघटित होण्याची स्वतःची परंपरा आहे. वाघाड धरणाचं पाणी कालव्याच्या शेपटापर्यंत पोचत नव्हतं तेव्हा बापूसाहेब उपाध्ये, भरत कावळे आणि त्यांच्या समाज परिवर्तन केंद्राने इथल्या शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या आणि देशभरातले लोक ते बघायला आले. पाण्याचा थेंब मोजून वाटणाऱ्या गावाला आपल्या बाजाराची नोंद ठेवणं अवघड नाही.

सुरुवात त्या घातलेल्या नावांपासून करावी असं मी आग्रहाने सुचवतो. ओझर आणि पंचक्रोशीतल्या माळ्यांवर अजून हंडे, पराती, बंब पडून आहेत. त्यांच्या काठावर ठिपक्यांच्या अक्षरांत देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, पुष्कळदा गाव आणि तारीख आहे. लग्न कुठल्या साली झालं, आहेर कुणी केला, गाव कुठलं, हे सगळं तांब्यावर लिहिलेलं आहे. दुकानाचा फोटो नसेल, पाटी भंगारात गेली असेल, वही वाळवीने खाल्ली असेल. भांडं मात्र टिकलं आहे. दरवर्षी दिवाळीच्या आवराआवरीत त्यातलं काही मोडीत जातं आणि वितळतं.

म्हणून ओझरच्या वाचकांना विनंती. यंदा माळा आवरताना मोडीत घालण्याआधी प्रत्येक भांड्यावरचं नाव कागदावर उतरवून घ्या, एक फोटो काढा, आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारा की हे कुठल्या दुकानातून आणलं, दुकान कुठे होतं, शेजारी कोण होतं. ओझरला आता नगरपरिषद आहे. तिने शाळा आणि वाचनालयांच्या मदतीने हे कागद एका जागी जमवावेत. तांबटांबरोबर कारखान्यातल्या निवृत्त कामगारांचंही बोलणं ध्वनिमुद्रित करावं. हे काम याच दोन-चार वर्षांत व्हायला हवं, कारण सांगणारी माणसं सत्तरी-ऐंशीत आहेत.